दहापैकी नऊची शाळा

वर्षाताईंनी माझ्या मुलीला दिवाणखान्याच्या मधोमध, मोठ्या दिव्याखाली उभं केलं, तिची वेणी सोडली आणि केसांत बोटं घालून बघायला लागल्या.

त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. सगळ्या मुली रात्री तिथंच झोपणार होत्या. प्रज्ञा तेव्हा पहिलीत होती. स्लीपिंग बॅग पोटाशी धरून ती मुकाट उभी. भोवती आम्ही मराठी बायका, हातात पावभाजीच्या प्लेटी.

"काही नाही गं," वर्षाताई मला म्हणाल्या, "त्या अपार्टमेंटवाल्या शाळेत उवा फार आहेत म्हणे. बाकीच्या मुलींना नको उगाच."

प्रज्ञाने मला विचारलं, "मॉम, व्हॉट इज शी लुकिंग फॉर?"

मी हसले. म्हणाले, "बघा, बघा. हात घातलाच आहे तर माझ्याही बघून घ्या."

सगळ्या हसल्या. उवा सापडल्या नाहीत. तरीही वर्षाताई म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे हां. पुढच्या वेळी नक्की." मी मुलीला घेऊन निघाले. गाडीत तिने पुन्हा तेच विचारलं. मी रेडिओ लावला.

डॅलसच्या उत्तरेला झपाट्याने वाढणारं ते गाव. आम्ही हायवेजवळ अपार्टमेंटमध्ये राहायचो. मागेच शाळा. रस्त्याच्या पलीकडे विटांची नवी घरं आणि त्या घरांची वेगळी शाळा. शाळांचं डिस्ट्रिक्ट एकच, कर एकाच तिजोरीत जाणार, पण आमच्या मंडळींत नवीन माणूस भेटलं की पहिला प्रश्न, "कोणती एलिमेंटरी?" उत्तरावरून कळायचं, घर की अपार्टमेंट. दुसरा प्रश्न आडनावाचा. माझ्या आडनावावरून अंदाज येईना, म्हणून, "मूळच्या कुठल्या?" नागपूरच्या. "नागपुरात कुठं?" मी वस्तीचं नाव सांगायचे आणि बोलणं हवेपाण्याकडे वळायचं. आम्ही बौद्ध. ते वळण मला लहानपणापासून पाठ. अमेरिकेत येऊन मी फक्त एक शिकले, दोन्ही उत्तरं तोंडातल्या तोंडात द्यायला.

शाळांची तुलना करायला वेबसाइट होती. प्रत्येक शाळेला दहापैकी गुण. रस्त्यापलीकडच्या शाळेला नऊ, आमच्या शाळेला पाच. वर्षाताई म्हणायच्या, "गुण नंतर बघ. आधी फ्री लंचचा कॉलम बघायचा. किती मुलं फुकट जेवतात ते कळलं की शाळा कळली." मी मान डोलवायचे. मी कार्पोरेशनच्या शाळेत शिकलेली. दुपारी शाळेत फुकट मिळणारी सुकडी कागदावर घेऊन खाल्लेली. मान डोलवताना मला ती आठवत नव्हती असं नाही.

आता शाळा खरी कशी होती ते सांगते. वाढदिवसाच्या आदल्या वर्षी प्रज्ञा तिथं गेली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. पाणी हवं असलं तरी बोटाने दाखवायची. तिला आणि आणखी काही मुलांना एक बाई रोज पोर्टेबलमध्ये, जागा पुरेना म्हणून आवारात आणून ठेवलेल्या तात्पुरत्या वर्गात, नेऊन वेगळं शिकवायच्या. थंडी संपायच्या आत पोरगी पुस्तक वाचायला लागली. त्याच वर्गात लूसिया होती. आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. तिची आई ग्लोरिया मेक्सिकोची, एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करायची, दुपारी घरी यायची. मी ऑफिसातून येईपर्यंत दोन्ही मुली तिच्याकडे. मी थालीपीठ नेऊन द्यायचे, ती सूप द्यायची. दोघींचं इंग्रजी मोडकं, त्यामुळे आम्ही कामापुरतं बोलायचो आणि एकमेकींवर विश्वास ठेवायचो.

वाढदिवसानंतर मी भांडले नाही. रस्त्यापलीकडे घर घेतलं. नवरा म्हणाला, "झेपेल का?" मी म्हटलं, "शाळेसाठी घ्यायचंय, झेपवू." प्रज्ञाला नऊवाल्या शाळेत घातलं आणि बजावलं, जुन्या शाळेचं नाव काढायचं नाही. तिने ऐकलं. "पुढच्या आठवड्यात येते," असं ग्लोरियाला सांगून निघाले होते. गेले नाही. अंतर होतं एका सिग्नलचं.

गाव वाढत होतं, तसतशा शाळांच्या हद्दी बदलत होत्या. प्रज्ञा चौथीत असताना डिस्ट्रिक्टने नवा नकाशा काढला. त्यात हायवेजवळची अपार्टमेंट्स आमच्या शाळेत येणार होती. आमच्या कॉलनीत गडबड उडाली. क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. देशी, गोरे, सगळे आले. वर्षाताई आता दोन घरं सोडून राहायच्या. त्यांनी सोफ्यावर सरकून मला जागा केली.

"तू तिथं होतीस ना? तू सांग सगळ्यांना. आम्ही बोललो तर वाटेल उगाच बोलतो. तुझा अनुभव आहे."

मी सांगितलं. म्हणाले, "टीचरचा अर्धा वेळ त्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात जायचा. माझी मुलगी त्यामुळे मागं पडली."

धडधडीत खोटं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लोक पुढे झुकून ऐकत होते. कुणीतरी माझ्या कपात चहा ओतला. मला बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्याची मला आजही किळस येते.

मग डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची जाहीर सभा झाली. हॉल भरलेला. मागच्या रांगांत अपार्टमेंटमधले लोक, कामाच्या कपड्यांतच आलेले. त्यांच्या कानाला हेडफोन, कोपऱ्यात दुभाषी बाई स्पॅनिशमध्ये सांगत होती. आमच्या कॉलनीचा एक गृहस्थ माइकवर गेला आणि म्हणाला, जिची मुलगी त्या शाळेत होती अशा एका भारतीय आईनेच आम्हाला सांगितलंय. पुढे माझं वाक्य. शब्द न् शब्द.

मी मागे वळले. ग्लोरिया मागून तिसऱ्या रांगेत. शेजारी लूसिया, उंच झालेली. वाक्य स्पॅनिशमध्ये पोचायला क्षणभर लागला. तेवढा वेळ ग्लोरिया माझ्याकडे बघून ओळखीचं हसत होती. मग वाक्य पोचलं.

मी उठले. टेबलावर बोलणाऱ्यांसाठी कार्डं होती, एकावर नाव लिहून दिलं. पुकारा झाल्यावर माइकपाशी गेले.

"ती आई मी आहे. मी खोटं बोलले. जिला इंग्रजी येत नव्हतं ती माझी मुलगी. तिला त्या शाळेने वाचायला शिकवलं. ती मागं पडली नाही. आणि फुकट जेवणाऱ्या मुलांवरून तुम्ही शाळा ओळखता, तर मी स्वतः शाळेत फुकट जेवलेली आहे."

पार्किंगमध्ये वर्षाताईंनी मला गाठलं.

"आपल्याच माणसांना तोंडघशी पाडलंस! तुम्हा लोकांचं हे असंच असतं."

"कुठल्या लोकांचं?"

त्या पर्समध्ये किल्ली शोधायला लागल्या. "अगं, नागपूरकडच्या म्हणतेय मी."

"नाही, वर्षाताई. नीट बोला. मी बौद्ध आहे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणून तर नागपुरात कुठं ते विचारलंत. आता ‘तुम्ही लोक’ म्हणायचं असेल तर नाव घेऊन म्हणा."

त्यांना किल्ली सापडली. गाडीत बसून गेल्या.

माझ्या बोलण्याने काही बदललं नाही. बोर्डाने हद्दीची रेघ मोठ्या रस्त्यावरूनच मारली. अपार्टमेंटची मुलं जुन्याच शाळेत राहिली, तिथं आणखी पोर्टेबल आले. मी ग्लोरियाकडे गेले. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

"लूसिया विचारते, तू असं का बोललीस. काय सांगू?"

"सांग, मी घाबरले होते."

"हिला?" ग्लोरियाने आत बोट दाखवलं. लूसिया टेबलाशी गणितं करत बसली होती.

ग्लोरियाने दार लावलं. बरोबर केलं.

माइकवर खरं बोलले म्हणून मी सुटले नाही. खोटं मी चहा पीत सांगितलं, ते घरोघर फिरलं. खरं नंतर आलं, तोवर लोकांची मतं ठरली होती. प्रज्ञा अजून नऊवाल्याच शाळेत आहे. मला हलकं वाटावं म्हणून तिला तिथून उपटणार नाही, तो तिचा दोष नव्हे. पण ती कुठं वाचायला शिकली हे ती आता कुणालाही सांगते. मीही सांगते, समोरच्याने विचारायच्या आधी.

हद्दी पुन्हा बदलणार आहेत. गाव थांबत नाही. नकाशा करणाऱ्या समितीसाठी पालकांची नावं मागवली तेव्हा मी माझं दिलं. कॉलनीतून बरेच फोन आले, आपली बाजू धर म्हणून. त्यांना एकच सांगितलंय. अपार्टमेंटची मुलं या शाळेत यावीत, असंच मी मत देणार. त्यासाठी रेघ सरकवावी लागली आणि माझं घर हद्दीबाहेर पडलं, तरी मत तेच.