अण्णा दम घेत ती जागा परत मिळणेबाबत

अर्जदार : उत्तम गणपत सरवदे, मूळ राहणार वेळापूर, हल्ली मुक्काम सोलापूर, धंदा अर्जलेखन व सायंकाळी गिटार शिकवणे.
जाबदार : अर्जदाराचे थोरले बंधू दशरथ गणपत सरवदे, ढोलकीवादक, राहणार वेळापूर.
साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी सौ. मंगल. दोन, अर्जदाराची शिष्या कु. स्नेहल, मूळची माळशिरसची, हल्ली नोकरीनिमित्त पुणे.
तारीख : घर सोडल्याची नक्की आठवत नाही. वार बाजाराचा होता, कारण एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती, सगळ्या भाजीच्या पाट्या.

सदरचा अर्ज गावी राहिलेल्यांनी वाचावा, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही सवडीने वाचावा.

त्या दिवशी मला स्टँडवर सोडायला दोघे आले होते. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आणि दशरथदादा. आमची घरचीच गायन पार्टी होती. अण्णा पेटी वाजवत गात, दादा ढोलकीवर आणि मी बेंजोवर. माझा हात मूळचाच उतावळा. गाणे रंगात आले की मी ढोलकीच्या पुढे निघून जाई, आणि अण्णा गाता गाता मान वळवून दटावत, "फुडं पळू नगं. थोरल्याच्या मागनं ये." स्टँडवर मी गाडीच्या पायरीवर चढलो तेव्हा त्यांना निरोपाचे दुसरे काही सुचले नाही. त्यांनी तेच वाक्य उच्चारले.

"अण्णा, आता गाडीच फुडं चाललीया की," दादा म्हणाला, आणि दोघे हसले. मी हसलो नाही. मला खिडकीजवळची जागा धरायची होती.

नववीनंतर शाळेशी माझे जमले नाही, ही वस्तुस्थिती मी कोणापासून लपवलेली नाही. सात रस्त्याजवळ एका वृद्ध अर्जलेखकाच्या शेजारी बसून मी हा धंदा शिकलो. बेंजोची बटणे दाबलेल्या बोटांना टाइपरायटर लवकर वश झाला. आज भलेभले पदवीधर माझ्याकडून तक्रार लिहवून घेतात. माणूस येतो, रडतो, मध्येच सासऱ्याचे सांगतो, मध्येच गटारीचे. मी त्यातून विषय काढतो, संदर्भ लावतो, परिच्छेद पाडतो आणि अनावश्यक मजकूर वगळतो. वाचून दाखवला की माणूस म्हणतो, "साहेब, हेच म्हणायचं होतं मला." या वाक्यावर माझा आजवर गाढ विश्वास होता.

गिटार मला एका ऑर्केस्ट्रावाल्याने शिकवली. पुढे मीच शिकवू लागलो. काही शिष्य घरी येतात, काही गाव सोडून लांब गेलेले मोबाईलच्या पडद्यावरून शिकतात. त्यांच्यासाठी मी एक ॲप निवडले. त्यात कोणतेही गाणे सूर न बिघडता हळू होते आणि अवघड तुकडा हवा तितक्या वेळा ऐकता येतो. त्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसऱ्या निवडीची आहे.

अण्णा गेले. गावात लग्नाला, जयंतीला डीजे आला आणि पार्टी बसली. अण्णांनी रचलेली गाणी कोणाकडेच टेपवर नीट भरलेली नव्हती. मी ठरवले, घरीच स्टुडिओ करायचा, दादाला बोलवायचे आणि गाणी कायम करून टाकायची. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे याविषयी स्नेहलने मत दिले होते, हे मान्य करणे भाग आहे. "सर, ते साधं घ्या की. दाबायचं, वाजवायचं, झालं. मोठ्यात तुम्ही वाजवणार कमी आणि दुरुस्त्याच करत बसणार." परंतु मी सर्वांत मोठे घेतले. त्यात वाजवलेला प्रत्येक ठोका पडद्यावर दिसतो, मागे उभ्या रेघा असतात, आणि रेघेबाहेर पडलेला ठोका ओढून रेघेवर बसवता येतो. ते पाहून मला समास आखलेला स्वच्छ कागद आठवला. मी तिथेच जिंकला गेलो.

शेजारचे यंत्रमाग बंद असण्याच्या दिवशी दादा ढोलकी गोधडीत गुंडाळून आला. खोलीत पाऊल ठेवताच म्हणाला, "एवढ्या वायरी? आप्रेशन हाय व्हय माजं?"

मी त्याच्या कानाला हेडफोन लावले.

"ह्ये काय टकटक करतंय?"

"ती लय आहे, दादा. तिच्याबरोबर वाजव."

"ह्येला अण्णांचं गाणं ठावं हाय का?"

"त्याला काही ठाऊक असावं लागत नाही."

"मग ह्येच्या मागनं मी कशाला जाऊ?" त्याने हेडफोन काढून गादीवर ठेवले. चहा घेऊन आलेली मंगल म्हणाली, "भावजी, तुमचे भाऊ ढोलकीलाबी अर्जाचा नमुना लावत्यात." दादा खो-खो हसला, आणि त्याच हसऱ्या तोंडाने त्याने गुणगुणत एक गाणे अख्खे वाजवले. बाकीची पुढच्या खेपेला वाजवू म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

तो गेल्यावर मी दुरुस्तीला बसलो. ठोके रेघेच्या अलीकडेपलीकडे पडले होते, ते बसवले. शेवटच्या अंतऱ्यात ढोलकी एके ठिकाणी हलकी होऊन चक्क थांबली होती. मी मनाशी म्हणालो, दादाचे वय झाले. ती फट मी मिटवली. वर गिटार वाजवली. नंतर मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकले. पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे.

मोठ्या अभिमानाने मी ते गाणे दादाला फोनवर ऐकवले.

"लई झ्याक," तो म्हणाला. "कोण वाजिवतंय?"

"दादा, तूच की."

त्याने शेवटचा अंतरा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "मग अण्णा दम कवा घेत्यात?"

मी विचारले, कसला दम. तेव्हा मला कळले. शेवटच्या काही वर्षांत अण्णांची छाती भरून येई. शेवटचा अंतरा त्यांना एका दमात ओढवत नसे. तिथे दादा हात हलका करून थांबे, अण्णा श्वास घेत, आणि मग दोघे मिळून गाणे उचलत. ऐकणाऱ्यांना वाटे, गाणे तसेच आहे. अण्णा गेले तरी दादा तिथे थांबतो.

"कवा उलीसं थांबायचो, कवा जरा जास्त. त्येंच्या खांद्याकडं बघायचो मी. तुला कसं ठावं असंल? तू जयंतीला यायचास, पयलं गाणं झालं की गाडी हाय म्हणायचास."

त्यानंतर दादा माझा फोन उचलत नाही. मंगलचा उचलतो. तिला प्रकृती सांगतो, सुनेचे कौतुक सांगतो, आणि ढोलकीचा विषय निघाला की म्हणतो, "खुट्टीला हाय. लय धरायला त्येच्याकडं मशीन हाय की."

बाहेर पडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपण सर्वजण सांगत आलो की घर गावाकडे आहे, हवे तेव्हा जाऊ. मीही तसेच मानले. माझ्या मनातले गाणे मी स्टँडवर सोडले त्या दिवसाचे होते, सलग, अण्णांच्या भरल्या आवाजातले. माझ्या पश्चात तिकडे अण्णांचा श्वास उणा होत होता आणि दादाचा हात त्याप्रमाणे हलका होत होता. घर ते होते. ते माझ्या समोर पडद्यावर आले, आणि मी ते चूक समजून मिटवले.

ती जागा पुन्हा घालण्याचा मी प्रयत्न केला. संगणक विचारतो, किती मोकळे सोडायचे, आकडा टाका. मी वेगवेगळे आकडे टाकून पाहिले. प्रत्येक वेळी ढोलकी थांबते, पण कोणासाठी थांबली असे वाटत नाही. मला तो आकडा माहीत नाही. मी तिथे नव्हतो.

सबब विनंती अशी की, जाबदाराने ढोलकीसह पुन्हा एकवार सोलापुरी यावे. टकटक बंद केलेली आहे. स्नेहलने सुचवलेले साधे सॉफ्टवेअर घेतले आहे. त्यात रेघा नाहीत, आणि मंगलच्या समक्ष कबूल करतो की वाजवलेल्याला मी हात लावणार नाही. सोलापूर सोयीचे नसल्यास अर्जदार यंत्रसामग्रीसह वेळापुरी हजर राहील, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारणार नाही.

दादा, तू अण्णांच्या खांद्याकडे बघायचास. मी तुझ्या हाताकडे बघेन. तो थांबला की थांबेन, उचलला की मागून येईन.

योग्य तो न्याय व्हावा आणि उत्तर कळवावे. मंगलच्या फोनवर कळवले तरी चालेल.

आपला धाकटा,
उत्तम