नुसती झील

परवा मंगळवारी, भर दुपारी येरमाळ्यात चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो आणि डोक्यात जाळ झाला होता... मोबाईलवर संपादक मॅडमचा मेसेज आला होता, 'हा लेख लिहिण्याआधी तुम्ही संगीत ऐकलंत का?'

नव्हतं ऐकलं.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, एका सरांशी भांडून. तेव्हापासून ऑनलाइन लेख लिहून देतो, केसगळतीपासून टाइल्सपर्यंत काहीही. या वेळी संगीताची एक वेबसाइट होती. विषय 'ड्रोन म्युझिक', सोबत एक लिंक.

लिंक कोण उघडतंय... आमच्या दाजींनी सोयाबीनवर ड्रोननं फवारणी केली होती, तेवढ्या भांडवलावर मी सहाशे शब्द पाडले. पात्यांच्या घरघरीतून जन्मलेलं शिवारातलं नवं संगीत, वगैरे. हसा.

संपादक मॅडम हसल्या नाहीत. पाचपर्यंत नवीन लेख द्या, नाहीतर आपण इथंच थांबू, म्हणाल्या.

'तुमचं काम तुमच्यापाशीच ठेवा'... टाइप करून झालं होतं. अंगठा सेंडवर होता. तेवढ्यात तिचं वाक्य आडवं आलं. तिचं नाव लिहीत नाही, कॉलेजच्या पोरांना माहितीये. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी ती म्हणाली होती, "तू भांडतोस त्याचं काही नाही रे. मधेच निघून जातोस, त्याची भीती वाटते."

तेव्हापासून बोलणं बंद आहे. हे कामही मधेच सोडलं असतं, तर ती बरोबर होती हे मीच सिद्ध केलं असतं. मेसेज खोडला. लिंक उघडली.

चोवीस मिनिटं... एकच सूर. ताल नाही, गाणारा नाही. आधी वाटलं मोबाईल हँग झाला, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावलं. तेच. तिसऱ्या मिनिटाला मी तिचा डीपी बघून आलो. पाचव्याला परत. तीनदा लावलं, तीनदा बंद केलं.

नेटवर वाचलं, संगीतातला ड्रोन म्हणजे 'सिंथेसायझरवर दीर्घकाळ धरलेला स्वर'. शब्द कळत होते, पण लिहायला एक ओळ सुचेना. दोन वाजून गेले होते. भाऊ म्हणाला, "बंद कर की बे ते, गिऱ्हाइकाला वाटालंय मशीन बिघडली." त्याच्यावरही खेकसलो.

चौथ्यांदा लावलं तेव्हा काउंटरवर किसनआप्पा उभे होते, आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले. आप्पा गोंधळी, सत्तरीच्या पुढचे. कार्ड तसंच हातात धरून त्यांनी कान दिला.

"झील कुणी धरली रं ही?"

"झील न्हाय आप्पा, मशीनवरचं हाय. परदेशातलं."

"आसू दे की परदेशातलं. झीलच हाय. लई दम हाय गड्याला... पर म्होरला कुठाय, गाणारा?"

"गाणाराच न्हाय. चोवीस मिनिटं एवढंच."

"नुसती झील?" आप्पा स्टुलावर बसलेच. "आन् लोकं आईकत्यात?"

गोंधळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो... पुढचा गोंधळी कथा गातो, मागचे त्याच्या ओळीचा शेवटचा सूर उचलून लांबवर धरून ठेवतात. ती झील. आप्पा जन्मभर मागेच उभे राहिले.

"म्होरला दम घ्याय थांबला की सूर पडू द्यायचा न्हाय," ते म्हणाले. "झीलकऱ्यानं मधी सोडलं की त्यो उघडा पडतो. कटाळा येतोच. कटाळ्याच्या पल्याड गेलं की सूर हलाय लागतो. गप आईक."

गप ऐकलं. आणि खरंच हलत होता... एका सुराच्या आत दुसरा, बारीक, आणि त्याच्याही आत काहीतरी. इतका वेळ तो बदलत होता आणि मीच उठून जात होतो. चोवीस मिनिटं संपली तेव्हा मान अवघडली होती आणि अंगावर काटा होता.

मग लिहीत सुटलो. साडेचारला लाईट गेली... कॉम्प्युटर बंद, सेव्ह काही नाही. कीबोर्ड उचलून आपटणार होतो. खाली ठेवला, मोबाईलवर पहिल्या ओळीपासून परत लिहिलं. चार अठ्ठावन्नला पाठवलं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं, 'हे आधी का नाही लिहिलंत? शीर्षकात झील हा शब्द घेते.'

लेख काल आला. तिला लिंक पाठवली. निळी टिक आली, उत्तर नाही. मी दुसरा मेसेज केलेला नाही... थांबलोय.

आज सकाळी आप्पांना पूर्ण लेख वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, मग म्हणाले, "माझं नाव कुठं आलं?" मी लिहिलं होतं, 'गावातले एक वृद्ध कलाकार'.

"म्हंजी तिथंबी मलाच मागं हुबा केलास व्हय रं?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

मॅडमना लगेच कळवलंय, नाव घालते म्हणाल्या. पण तोवर इथं लिहितो, सगळ्यांनी वाचा... ते संगीत मला ऐकायला शिकवलं किसनआप्पांनी. झीलकरी, येरमाळा.