वाघरीचा नकाशा

वडूजच्या पेठेत भरतेशचं सुतळी-दोराचं दुकान. पण गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्याचं निम्मं लक्ष गल्ल्याखालच्या गुंडाळ्यांत. माण तालुक्याच्या शिवेवरच्या माळाचे जुने नकाशे गोळा करायचा त्याला नाद. त्या उघड्याबोडक्या माळावर पूर्वी काय होतं, ते कळेपर्यंत त्याला ना जेवण गोड लागायचं ना बायकोचं बोलणं. बायको चंदना म्हणायची, आधी ठाऊक असतं तर एखाद्या तलाठ्यालाच होकार दिला असता.

एका नकाशात माळावर नाव सापडलं, 'वाघर'. झालं! वाघाचं घर, म्हणजे इथं घनदाट जंगल होतं, असा शोध त्यानं व्हॉट्सअॅपवर सोडला. माळ ज्या गावाचा, त्या गावाला तो इतका आवडला की गेलेलं जंगल परत आणायचंच ठरलं. माळभर झाडं लावायची, मेंढरांना बंदी. उद्या ग्रामसभेत ठराव, आणि पुरावा म्हणून भिंतीवर भरतेशचाच नकाशा.

कौतुकानं माणसाला झोप लागावी, ह्याची उडाली. सभेत बोलायच्या आधी खात्री म्हणून त्यानं वेगवेगळ्या काळातले नकाशे शेजारी शेजारी पसरले. एकात वाघर ओढ्याकाठी, दुसऱ्यात टेकडीखाली, तिसऱ्यात पार पलीकडच्या अंगाला. घर असं फिरतं होय? तो दुकानातच येरझारा घालू लागला, सुतळीचे गुंडे तुडवत.

तेवढ्यात हरिबा आला. त्या माळावर मेंढरं चारणारा, जुनं गिऱ्हाईक. ठरावाचं त्यानं ऐकलं होतं, तरी नेहमीसारखा दोर मागितला.

"कशाला पायजे?" भरतेशनं सवयीनं विचारलं.

"वाघरीला. उद्यापास्नं कुठं लावायची ठाव न्हाई, पर फाटकी कशी न्यायची?"

दोर मापता मापता भरतेशचा हात थांबला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. वडिलांच्या काळापासून तिचा दोर याच दुकानातून जातो. चारा संपला की वाघर हलते, आणि तिच्यामागं नकाशातलं नाव. तेव्हाही माळावर गवतच होतं, आणि मेंढरं होती, असं तो मोठ्यानं बोलून गेला.

आतून चंदना म्हणाली, "आवं, निदान आपल्या दुकानाची पाटी तरी वाचायची."

पाटीवर ठळक होतं, 'येथे वाघरीचा दोर मिळेल.'

"हरिबा, उद्या सभेला ती फाटकी वाघर घेऊन या."

"सभेला? कुणाला कोंडायचं हाय?"

"मला. मी चुकलो हे सगळ्यांसमोर बोलून होईस्तोवर सोडू नका."

हरिबा गालात हसला. भरतेशनं दोर पुन्हा मापायला घेतला. माप चुकलं. पुन्हा घेतला.