हरणाबाईने उपाशी ठेवलेलं रान

हरणाबाई आटपाडीकडची धनगरीण. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन तासगावच्या बाजूला उतरायची. तिला खुनशी म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी त्यांच्यातली नाही, कारण तिच्या रागात माझाही वाटा आहे.

मी तिथल्या उपकेंद्रात नर्स. चार वर्षांपूर्वी तिची थोरली सून स्वप्नाली आठव्या महिन्यात, सुजलेल्या पायांनी माझ्या दारात आली. मी बीपीचं यंत्र काढलं, तेवढ्यात तिथंच बसलेला गावचा पुढारी उदयसिंह म्हणाला, "सिस्टर, आदी गावच्या बायका. फिरस्त्यांनी त्यांच्या गावाला जावं." त्यांचं गाव साठ-सत्तर किलोमीटरवर! मी यंत्र परत ठेवलं. घाबरट मेली मी. चौथ्या दिवशी स्वप्नालीला तळावर झटके आले. ती गेली, पोटातलं पोरही गेलं.

हरणाबाई रडली, आणि मग कामाला लागली. धनगर रात्री शेतात मेंढरं बसवतात. लेंड्यांनी जमीन कसदार होते, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. उदयसिंहाला नवी द्राक्षबाग लावायची होती. हरणाबाईनं तळातळावर जाऊन सांगितलं, "त्येच्या रानात ज्याची मेंढरं बसतील, त्येच्याशी आमची सोयरीक बंद." एकही कळप तिकडं फिरकला नाही. स्वतःची मेंढरं मात्र ती मुद्दाम त्याच्या बांधाला लागून, शेजाऱ्याच्या रानात बसवायची. मला त्याचा फार आनंद व्हायचा. वाट वाकडी करून मी उदयसिंहाचं रान बघून यायचे.

नाक दाबलं की तोंड उघडतं. यंदा तो दुप्पट ज्वारी देतो म्हणत तळावर आला. तेव्हा धाकटी सून सोनम पोटुशी होती.

"जवारी ऱ्हाऊ द्या घरात," हरणाबाई म्हणाली. "सिस्टरला घेऊन या. दर बुधवारी, तुमच्या गाडीतनं."

आणलं की त्यानं! मी बायकांना तपासायचे आणि हा गाडीला टेकून ताटकळायचा. पाचव्या बुधवारी, मी सोनमच्या दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा त्यानं विचारलं, "आता तरी बसवशील न्हवं मेंढरं?"

"सिस्टर सरकारची हाय. ती हितं येती ह्ये काय तुमचं उपकार न्हाईत," हरणाबाई म्हणाली. "मेंढरं माजी हायेत. माजी स्वप्नाली उठून आली, की त्याच राती बसवीन."

तो मान खाली घालून गाडीत बसला. माझे हात थांबले होते. हरणाबाई माझ्याकडं वळली.

"तू का थांबलीस गं? बांद की. तुलाबी माफी न्हाई."