मंगलचा डबा आणि अनडिफाइन्ड विंग

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा तिचाच स्टीलचा डबा माझ्या ओट्यावर पालथा पडला होता. चार-पाच दिवसांपूर्वी तिने त्यातून जवळ्याची चटणी पाठवली होती. चटणी संपली होती, डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून मी लाडवांसाठी बेसन भाजत होते. फोनवर तिची सून स्नेहा होती. "काकू, आई दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत..." मी गॅस बंद केला आणि जिना चढून तिच्या घरी गेले. तेरावं झाल्यावर स्नेहाने हळूच विचारलं, "रविवारच्या क्लासचं काय करायचं? बायकांचे फोन येतायत. बंद झाला म्हणून कळवू, की तुम्ही घ्याल?" थांब जरा, एवढंच मी म्हटलं. क्लास म्हणजे मंगल होती, आणि तिच्या खुर्चीत बसायची माझी छाती होत नव्हती.

मंगल ठाकुर्लीचीच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, आणि कुणी गाडी वेडीवाकडी लावली की ती खिडकीतून ओरडायची, "आमच्या खाचरात गाडी नीट लावा." डोंबिवलीतल्या एका कॉलेजात आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवून ती निवृत्त झाली, आणि स्वस्थ बसणं काही जमेना म्हणून घरच्या हॉलमध्ये रविवारचा क्लास काढला. मुलाबाळांपायी नोकरी सोडलेल्या आणि आता परत जायला घाबरणाऱ्या बायकांसाठी. तिची पहिली विद्यार्थिनी मी. शिकवताना ती अगदी शुद्ध बोलायची, चिडली की मात्र सासरची बोली बाहेर पडायची.

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा जरा हाताशी आल्यावर मी आमच्या सोसायटीसाठी पाण्याचं ॲप करायला घेतलं. आमच्याकडे विंगनुसार पाणी सोडतात. मी 'विंग' नावाचा क्लास, म्हणजे एक साचा लिहिला आणि त्यातून ए, बी, सी अशा विंगा काढल्या. प्रत्येकीला स्वतःचं नाव माहीत, आणि पाणी आल्याचा मेसेज टाकायचं काम, म्हणजे मेथड, तेही माहीत. वॉचमनने बटण दाबलं की त्या विंगच्या नावाने मेसेज ग्रुपवर जाणार. पहिल्याच सकाळी सगळ्या सोसायटीला मेसेज गेला : 'अनडिफाइन्ड विंगला पाणी आलं आहे.' नाव सापडलं नाही की कॉम्प्युटर त्या जागी 'अनडिफाइन्ड' लिहितो. पाण्याच्या बाबतीत कोण विषाची परीक्षा घेणार? तिन्ही विंगांतून बादल्या नळाखाली लागल्या, आणि पाणी होतं फक्त बी विंगला. सी विंगचे एक आजोबा ही नवीन विंग कुठे बांधली ते विचारायला खाली उतरले. मागून मंगल आली, कमरेवर हात ठेवून. "आमच्या जमिनीवर आणखी एक विंग चढवली, अन् आमाला पत्ता नाय?" सगळे हसले. मी सोडून.

मी क्लास सोडते म्हणाले तेव्हा तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि हाच डबा पुढ्यात ठेवला. काठावर नाव कोरलेलं, सौ. मंगल भोईर. "हा डबा कुणाकडेही गेला तरी परत येतो. का?"

"नाव आहे म्हणून."

"आणि नाव नसतं तर? ज्याच्या हातात, त्याचा. तू विंगचं काम काढून बटणाच्या हातात दिलंस, नाव न घालता. बटणाला वाटलं काम आपलंच. मग विंग कुठली विचारल्यावर ते बिचारं काय सांगणार गो?"

"मग नाव कुठे घालू?"

"भांडं घेतो तेव्हा दुकानातच नाव घालतो ना आपण? तसंच. वस्तू घडते तिथे, कन्स्ट्रक्टरमध्येच काम विंगला बाइंड कर, म्हणजे बांधून टाक."

तिने कीबोर्डला हात लावला नाही. एक ओळ होती, ती मला लिहायला लावली. दुसऱ्या सकाळी फक्त बी विंगच्या बादल्या वाजल्या. पुढे ठाण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला नेमकं हेच विचारलं. मी डबाच सांगितला, आणि नोकरी लागली. मंगलला एवढा आनंद झाला की तिने अख्ख्या मजल्याला तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण घातलं.

एकदा मी तिला विचारलं होतं, बाइंड केलेली मेथड पुन्हा दुसऱ्या ऑब्जेक्टला, म्हणजे दुसऱ्या विंगला बाइंड केली तर? "करून बघ," ती म्हणाली. कुठल्याही प्रश्नाला तिचं हेच उत्तर असायचं, आणि त्याचा मला फार राग यायचा. करून बघितलं. ए विंगला बांधलेलं काम सी विंगला बांधून पाहिलं, तरी मेसेज आला ए विंगचाच. मंगल चणे खात बघत होती. "पहिलं नाव पक्कं. वर कितीही घाला."

लाडू शेवटी वळले. डबा भरून वर गेले तर स्नेहा तो घेईना. "तुमच्याकडेच राहू द्या, काकू. आईंना आवडलं असतं. हवं तर तुमचं नाव घालून घ्या त्यावर." मी काठावरून बोट फिरवलं. घासून घासून अक्षरं बारीक झाली होती, पण लागत होती हाताला. मला भरून आलं, आणि हसूही आलं.

"नाव घालून काही फरक पडत नाही गं."

"म्हणजे?"

"रविवारी हॉलमध्ये बस, सांगते. आणि बायकांना कळव, क्लास आहे म्हणून."

त्या रविवारी मी डबा टेबलावर ठेवूनच सुरुवात केली. कुणी अवघड प्रश्न विचारला की करून बघ म्हणत होते, आणि मंगल तसं का म्हणायची ते मला तेव्हा कळलं. कळव्याहून एक नवीन मुलगी आली होती. लहान बाळ घरी ठेवून आलेली, सारखी घड्याळ बघणारी. जाताना उरलेले लाडू मी तिला डब्यातूनच दिले. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा डब्यात नारळाच्या वड्या होत्या. मंगलला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. दारातच स्नेहाच्या हातात डबा देत ती म्हणाली, "मंगलताईंचा डबा आणलाय."