कवळीवाल्या भावोजींचं मनोबल

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दंतवैद्याकडून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे येतात, त्यांवर भावोजी मेण बसवतात, एकेक दात रोवतात आणि शेवटी घासूनपुसून असं काही चकचकीत करतात की पेशंटला त्याच्या तरुणपणी नव्हते तसे दात मिळतात. हाताने हा माणूस सोन्यासारखा आहे, हे मी मान्य करते. तोंडाबद्दल तेवढं चांगलं बोलता येणार नाही.

कवळी नको म्हणणारी माणसं दंतवैद्य त्यांच्याकडेच पाठवतो, कारण समजूत घालण्यात भावोजींचा हात कोणी धरणार नाही. एकदा मी तिथे असताना एक आजोबा आले. हिरड्या घट्ट आहेत, मी निभावून नेईन, असा त्यांचा हट्ट. भावोजी त्यांना म्हणाले, "आजोबा, जिद्दीने दात उगवत नाहीत. आधार घ्यायला लाज कसली?" आजोबा विरघळले. हे सांगताना भावोजींच्या बोटांत सिगारेट होती आणि राख ते कुणाच्या तरी खालच्या जबड्याच्या फुटक्या साच्यात झाडत होते. मागे भिंतीवर त्यांच्याच अक्षरात सूचना लावलेली: 'कवळी बसवल्यावर चिकट काही खाऊ नये.'

वरची अख्खी कवळी त्यांनाही आहे, स्वतःच बनवलेली. हे ताईला माहीत आणि मला माहीत, कारण ती धुवायच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. मी औषधांच्या दुकानात वीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. कोण काय लपवतं ते मला विचारा.

सिगारेट सोडण्याचा भावोजींना दांडगा अनुभव. माझ्या मोजणीप्रमाणे नऊ वेळा सोडली, आणि दर वेळी समारंभाने. एकदा लायटर हातोडीने फोडला. एकदा पाकीट सगळ्यांसमोर बादलीत बुडवलं आणि संध्याकाळी तीच सिगारेट स्टोव्हवर वाळवताना सापडले. एकदा शपथ घेतली, पुन्हा ओढली तर मिशी उतरवीन. चौथ्या दिवशी मिशी गेली. आता ओठ उघडा पडलाच आहे म्हणून असेल, सिगारेट दुपटीने वाढली.

आम्ही हसायचो. मग ताईचा दमा बळावला आणि हसणं संपलं. रात्री तिला उशा रचून बसून झोपावं लागायचं. छातीच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं की घरातला धूर बंद झाला नाही तर पंप आणि गोळ्या किती पुरणार. ताई भांडली नाही. एक बॅग आणि पंप घेऊन माझ्याकडे आली आणि नवऱ्याला निरोप धाडला: महिनाभर तुम्ही ओढली नाही तर परत येईन, नाहीतर इथेच बरी आहे. तीस वर्षांचा संसार ती एका वाक्यात टेबलावर ठेवून आली होती. भावोजींना ते कळलं असेल असं मला तरी वाटलं.

मी निकोटिनच्या पट्ट्या घेऊन त्यांच्याकडे गेले. समजावलं की शरीर मागतं ते निकोटिन, ते थोडं थोडं कातडीतून मिळतं, मग पट्टी हळूहळू कमी करत न्यायची. धूर मात्र पहिल्या दिवसापासून बंद. भावोजींनी पाकिटाला बोटही लावलं नाही.

"मी कुबड्या घेणारा माणूस नाही. मनोबल लागतं त्याला."

"आणि त्या आजोबांना काय सांगत होता?"

"दात वेगळे, मन वेगळं."

"खरंय," मी म्हणाले. "दात निदान पूर्वी तरी होते."

नुसत्या मनावर सोडणारे असतात, नाही असं नाही. माझ्या ओळखीचे दोन आहेत. पण ते भाषण करत नाहीत, आणि नऊ वेळा तोंडावर आपटल्यावर दहाव्यांदा त्याच दगडाशी जात नाहीत. हे सगळं मी बोललेही, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तरी महिना चालू झाला आणि धूर दिसेना. रोज सकाळी ताईला फोन यायचा: आज सातवा, आज बारावा, मन कसं पोलादासारखं झालंय. ताईने मला तपासायला पाठवलं. मी पडद्यांचा वास घेतला, उशीचा घेतला, काही नाही. राख झाडायच्या त्या जबड्याच्या साच्यात आता टाचण्या ठेवलेल्या. भावोजी एक गाल फुगवून काहीतरी चघळत होते. विचारलं तर वेलची म्हणाले. मला आनंद झाला, आणि खरं सांगते, थोडी चिडलेही. या माणसाचं खरं निघावं हे माझ्याच्याने बघवेना.

तिसाव्या दिवशी ते ताईला न्यायला आले. नवा शर्ट, मिशी परत उगवलेली. आल्या आल्या घरी चला म्हणायचं सोडून माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून त्यांनी मनोबलावर बोलायला सुरुवात केली. बाजारात काय काय विकतात, पट्ट्या आणि गोळ्या, सगळी दुबळ्यांची सोय, असं म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई बॅग घेऊन दारात उभी होती. शेवटी "निर्धार" हा शब्द ठासून म्हणायला त्यांनी तोंड मोठं उघडलं आणि वरची कवळी सुटून त्यांच्या मांडीवर पडली. तिला राखाडी रंगाचा एक लांबट गोळा चिकटलेला होता.

मी तो उचलून वास घेतला. पुदिना. रोज विकते म्हणून लगेच ओळखलं, निकोटिनचं च्युइंग गम. माझ्या दुकानात नको म्हणून पठ्ठ्या तीन स्टॉप लांब जाऊन आणत होता, हे मागाहून कळलं. माझ्याकडे आले असते तर मीच सांगितलं असतं की कवळीवाल्याने गम घेऊ नये, त्याने पट्टी लावावी. मीच कशाला, त्यांच्या भिंतीवरही तेच लिहिलेलं होतं.

माझा नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. सासूबाई मात्र टक लावून बघत होत्या. भावोजी हाताने तोंड झाकून बसले होते, आणि नजर ताईच्या बॅगेवर होती. ती बॅग खाली ठेवते की काय, एवढंच त्यांना दिसत होतं. मला खूप काही बोलायचं होतं. महिनाभर साठवलेलं होतं.

ताईने विचारलं, "ओढली का एखादी? खरं सांगा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"एकही नाही?"

पुन्हा नाही. डोळ्यांत पाणी आलेलं होतं.

"मग उठा," ताई म्हणाली. "दात तुमचे नव्हते, तरी इतकी वर्षं मी तुम्हाला जेवायला वाढलंच ना? आता मन बाहेरून आणलंय, तर तेही चालेल. मला श्वास घेता आला म्हणजे झालं."

भावोजी उठले. कवळी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि तिची बॅग उचलली. मी पट्ट्यांचं पाकीट पुढे केलं. त्यांनी या वेळी हात मागे घेतला नाही, पण ताईनेच ते घेतलं आणि एक पट्टी तिथेच फोडली. भावोजींनी बॅग उजव्या हातात धरूनच डावी बाही वर केली.