मुका कीबोर्ड

नारळ घेताना तो कानाशी धरून सगळेच हलवतात. गोटीराम विधाते नारळ हलवायचा आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचा. आत पाणी किती आहे ते नारळापेक्षा तोंडावर लवकर कळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

वडिलांचा शेवंतीचा मळा भावाभावांत वाटला गेला, तेव्हा गोटीरामच्या वाट्याला एक कोपरा आला. तो त्याने बायकोच्या, भिमाबाईच्या हवाली केला आणि स्वतः एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागला. काम कोळशाच्या पट्ट्यावर, फिटरचं. रुंद रबरी पट्टा उंच गॅलरीतून कोळसा वर नेतो. खालचे रोलर झिजतात, बेअरिंग अडकतात, ते बदलायचे. घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी कानात काळं राहायचं. निवृत्त होईपर्यंत त्याने तेच केलं आणि नीट केलं.

पट्ट्यावर एक रीत होती. दुरुस्त होऊन आलेली मोटर सरळ जोडायची नाही. आधी पट्ट्याशी सांधणारं कपलिंग न लावता ती एकटी फिरवायची. पान्याचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाशी धरून ऐकायचं, अंगाला हात लावून तापते का बघायचं. एकटी नीट चालली, तरच पुढची जोडणी. याला सोलो रन म्हणत. गोटीरामने ही रीत घरी आणली. मिक्सर भांड्याशिवाय फिरवून घेतला. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्या मुलाला आईबापांमधून उठवून एकट्याला गच्चीवर नेलं.

"काय विचारलंत त्याला?" भिमाबाईने मागाहून विचारलं.

"काही नाय. नुसता बसवला. एकटा किती बोलतो ते बघितलं."

लग्न झालं आणि चांगलं चाललं. त्यामुळे त्याचा या रितीवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

धाकटी सृष्टी कॉलेजात होती आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. दोन हजार सातचं ते वर्ष. गंगापूर रोडला स्वरदा मॅडम मुलींना नाच शिकवत. सृष्टी तिथे संध्याकाळी गाणी लावण्याचं काम करायची. नाचांचं संगीत तयार करणारा माणूस मुंबईला निघून गेला, तेव्हा मॅडमनी तिला विचारलं, "संमेलनाला संबळावरचा एक नाच बसवायचाय. त्याचं संगीत तू करशील? जमलं तर वर्गाचं सगळं काम तुझ्याकडे."

अट एकच होती. काम हॉलमध्ये, मुलींसमोर करायचं. पावलं बदलली की संगीत बदलायचं. हॉल भाड्याचा, सामान ठेवायला जागा नाही. जे काही असेल ते पिशवीतून आणायचं आणि पिशवीतून न्यायचं.

पुण्याच्या मावसभावाने, राजने, आपला जुना लॅपटॉप तिला दिला होता. बाकीचं घ्यायला बापलेक शहरात वाद्यांच्या दुकानात गेले. लॅपटॉप बरोबर घ्यायचा का, म्हणून सृष्टीने विचारलं होतं. "नको," गोटीराम म्हणाला, "आतला माल बदलून देतील."

दुकानातला मयुरेश तिशीचा, बोलायला मोकळा. त्याने काउंटरवर चार वस्तू मांडल्या. हातभर लांबीचा, दोन सप्तकांचा कीबोर्ड. एक माईक. माईक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडायची एक डबी. आणि कान झाकणारे चांगले हेडफोन.

"सुरुवातीला एवढंच घ्या, काका. स्पीकर नको, मोठा कीबोर्ड नको. हात बसला की मग बघू."

कमी घ्या म्हणणारा दुकानदार गोटीरामने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. इथे नक्की पाणी मुरत होतं.

मयुरेशने छोटा कीबोर्ड दुकानातल्या कंप्युटरला जोडला. सृष्टीने बोटं ठेवली. सनई वाजली, मग सतार, मग ढोल. तिचा चेहरा उजळला. गोटीराम कीबोर्डवर वाकला होता. आवाज त्यातून येत नव्हता. आवाज कंप्युटरच्या डब्यातून येत होता.

"वायर काढ," तो म्हणाला.

"अहो काका, वायर काढली तर..."

"काढ तू."

मयुरेशने वायर काढली. गोटीरामने काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकेक करत दाबून पाहिल्या. नुसती खटखट. त्याने कीबोर्ड उचलून कानाशी धरला, हलवला.

"मुका हाय. आणि हलका. आत काय हाय का नाय?"

"यात आवाज नसतोच, काका. हा फक्त कंप्युटरला सांगतो, कुठला सूर दाबला ते."

"म्हंजे आवाज तुमच्याकडं, आन आमाला नुसती पेटीची फळी?"

"आण्णा!" सृष्टी कुजबुजली.

"आण्णा काय? एकटं चालत नाय ते जोडलं की चालतं, असं कुठं असतं?" त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या कीबोर्डकडे बोट दाखवलं. पाच सप्तकांचा, दोन्ही बाजूंना स्पीकर, स्वतःच्या पोटात शंभर ताल. "तो लाव. दुसऱ्या कशाला न जोडता."

तो एकटाच दणक्यात वाजला. गोटीरामने स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, पाठीवरून फिरवला, मान हलवली. सृष्टीने माईक, डबी आणि हेडफोन कसेबसे पदरात पाडून घेतले. छोटा कीबोर्ड काउंटरवरच राहिला. मयुरेशने त्याच्यावर कापड टाकलं आणि सृष्टीकडे बघून जरासा हसला. ते हसू गोटीरामने टिपून ठेवलं.

मोठा कीबोर्ड गोधडीत गुंडाळून सृष्टी बसने निघाली. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्या पाहुण्याचं तिकीट?" नाशिक रोडला दुसरी बस पकडताना त्याचा कोपरा दाराला आपटला. हॉल दुसऱ्या मजल्यावर. वर पोचेपर्यंत तिला दोनदा ओझं टेकवावं लागलं. तो लॅपटॉपला जोडायची सोय नव्हती; वाजवायला बसली, तर अर्ध्यात एक सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यातला तयार ताल लावला, तर मॅडमनी हात वर करून थांबवलं.

"हा ताल प्रत्येक लग्नात वाजतो, सृष्टी. मला माझ्या मुलींच्या पावलांचं संगीत पाहिजे. शनिवारपर्यंत बघते. नाहीतर मुंबईच्या माणसालाच फोन करावा लागेल."

घरी ती एवढंच म्हणाली, "शनिवारपर्यंत मुदत आहे." मोठा कीबोर्ड भजनी मंडळाने आनंदाने नेला.

दुसऱ्या दिवसापासून ती एक लहान पिशवी खांद्याला लावून जाऊ लागली. गोटीराम ओट्यावरून बघायचा. लॅपटॉपची पिशवी वेगळी, ही वेगळी. हिला वजन नव्हतं. बस पकडायला पळताना पिशवी पाठीवर उडायची. ज्यातून पोट भरायचं, ते सामान असं उडत नाही.

"काय हाय गं त्यात?"

"कामाचंच आहे, आण्णा."

फोनवर तिच्या तोंडी "मयुरेश सर" येऊ लागलं. हो सर, बघते सर, शनिवारी सांगते सर. गोटीरामला काउंटरवरचं ते हसू आठवलं. सामान नुसतं निमित्त असणार. त्याने भिमाबाईला खोदून विचारलं. भिमाबाई फुलांच्या जुड्या बांधत होती, तिने मान वर केली नाही.

"तिच्या पिशवीत हात घालू नका. एवढंच सांगते."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. दोघी मिळून काहीतरी लपवत होत्या.

शनिवारी सकाळी मायलेकी फुलं घेऊन नाशिक रोडच्या बाजारात गेल्या. पिशवी खुंटीला होती. गोटीरामने ती काढली. आत तोच मुका कीबोर्ड.

म्हणजे दुकानदाराने मागच्या दाराने माल गळ्यात मारलाच. गोटीराम स्क्रू ड्रायव्हर घेऊन ओट्यावर बसला. मयुरेशचा खोटेपणा एकदा पोरीच्या डोळ्यांसमोर मांडायचा, म्हणजे प्रश्न मिटला. स्क्रू काढून त्याने खालचं झाकण उचललं. आत तळहाताएवढी हिरवी पाटी, एक चपटी वायर, पट्ट्यांखाली रबराची जाड फीत. बाकी पोकळ. मोटर नाही, स्पीकर नाही, सेलसुद्धा नाही. त्याने रबराची फीत ओढून काढली आणि उजेडात धरली. खाली काळे ठिपके. बस.

सृष्टी परत आली, ती दारातच थांबली.

"हे बघ," गोटीराम म्हणाला, "रिकामा डबा हाय. तुला फशिवलं त्यानं. आन तू सर सर करतेस."

सृष्टीने टोपली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे गोटीराम जास्त सावध झाला.

"शनिवारपर्यंत वापरून बघ म्हणून दिलाय त्यांनी, मी मागितला म्हणून. आज दुपारी मॅडम ऐकणार आहेत, आण्णा. आज."

"ह्यात ऐकण्यासारखं हायच काय? एकटा चालत नाय."

"पट्टा चालू करायचं बटण होतं ना तुमच्याकडे? भिंतीवरचं, हिरवं?"

"मग?"

"ते कधी एकटं चालवून बघितलंत? भिंतीवरून उपटून, टेबलावर ठेवून?"

गोटीरामने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"बटण दाबलं की लांबची मोटर फिरायची. बटणाचा आवाज टिक एवढाच. त्याला मुकं म्हणून फेकून दिलंत का कधी?" आता मात्र तिचे डोळे भरले. "मला विचारायचं तरी होतंत. दुकानदाराचं तोंड बघता, पाहुण्यांचं बघता. माझ्याकडे बघितलंत का?"

भिमाबाई मागून म्हणाली, "सांगितलं होतं मी. हात घालू नका म्हणून."

गोटीरामने हिरवी पाटी जपून बाजूला ठेवली. मग उठून हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि पुन्हा बसला. काढणं सोपं होतं. बसवणं अवघड. रबराच्या फितीला बारीक दांड्या होत्या, प्रत्येक दांडी आपापल्या भोकात जायला हवी, नाहीतर वरची पट्टी अडकते. बोट जाड, भोक बारीक. त्याने आगकाडीचं टोक घासून बोथट केलं आणि एकेक दांडी दाबत गेला. घाई केली नाही. सृष्टी शेजारी उभी होती, तिलाही घाई करू दिली नाही. एक पट्टी दाबून वर येईना, तेव्हा सगळं पुन्हा खोललं आणि पुन्हा बसवलं. झाकण लावून शेवटचा स्क्रू आवळला.

"लाव तुझ्या लॅपटॉपला," तो म्हणाला.

लावला. सनई वाजली. त्याने खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या दाबल्या. सगळ्या बोलल्या.

"मी येतो बरोबर."

"कशाला?"

"असंच."

असंच नव्हतं. मयुरेश तिथे असेल, असं त्याच्या मनात अजून होतं. बसमध्ये दोन्ही पिशव्या सृष्टीच्या मांडीवर मावल्या. हॉलवर मयुरेश नव्हता. स्वरदा मॅडम होत्या, घुंगरू बांधलेल्या मुली होत्या. पालकांनी बाहेर बसायचं, अशी वर्गाची शिस्त. गोटीराम जिन्यात बसला.

दार लोटलेलं होतं. आधी संबळ आला. तो सृष्टीने एका गोंधळ्याकडून माईकवर भरून आणला होता, हे त्याला नंतर कळलं. संबळावर सनई चढली, खाली काहीतरी जड, घुमणारं आलं आणि मुलींची पावलं पडू लागली. गोटीराम संगीत ऐकत नव्हता. तो कुठली पट्टी अडकते ते ऐकत होता. सनई वर गेली, आणखी वर गेली, आणि सगळं एकदम थांबलं.

गोटीराम दार ढकलून आत गेला.

"मॅडम, ते मी खोललं होतं. सकाळी. रबर नीट बसलं नसंल. पोरीची चूक नाय, तिला काही माहीत नव्हतं. माझ्यामुळं झालं ते."

मुली बघत राहिल्या. सृष्टीने कपाळाला हात लावला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "चप्पल बाहेर."

त्याने चपला बाहेर ठेवल्या आणि पुन्हा उंबऱ्यात उभा राहिला.

"काही बिघडलेलं नाही. मीच थांबवलं. मागची रांग उशिरा वळतेय. सृष्टी, सनई चढते तिथे मुलींना वळायला जागा दे."

सृष्टीने लॅपटॉपवर काहीतरी सरकवलं, छोट्या कीबोर्डवर चार सूर नव्याने दाबले, एकदा हेडफोन लावून ऐकलं. तेवढ्यात मुलींचं पाणी पिऊन झालं. पुन्हा लावलं. मागची रांग वळली, पुढच्या रांगेबरोबर वळली.

मॅडमनी टाळी वाजवून मुलींना थांबवलं. "हाच ठेवायचा. आणि सृष्टी, बाकीचे नाचसुद्धा तूच कर. सोमवारपासून बसू."

सृष्टी हो म्हणाली.

"सोमवारी हाच हॉल का?" उंबऱ्यातून गोटीरामने विचारलं. "आन ते दुकानवाले सर पण असतात का इथं?"

"आण्णा," सृष्टी म्हणाली, "तुम्ही खाली थांबा."

गोटीराम चपला घालून खाली गेला आणि येणारा-जाणारा दिसेल असा फाटकाशी थांबला.